कागदावरची दहा वर्षं

२००३ च्या जानेवारीत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे मुख्यमंत्री गॉर्डन कॅम्पबेल सुट्टीसाठी हवाईला गेले होते. माउई बेटावर मित्रांकडे जेवून परतताना पोलिसांनी त्यांची गाडी अडवली. रक्तातलं अल्कोहोल कायदेशीर मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट निघालं. रात्र कोठडीत गेली आणि पोलिसांनी काढलेला त्यांचा फोटो कॅनडाभर छापून आला. मद्यपी चालकांविरुद्ध काम करणाऱ्या 'मॅड' संघटनेने राजीनामा मागितला. कॅम्पबेल यांनी पत्रकारांसमोर रडवेल्या चेहऱ्याने माफी मागितली, हवाईच्या कोर्टात आरोप न नाकारता दंड भरला आणि मुख्यमंत्रिपदावर कायम राहिले. पुढच्या दोन निवडणुका जिंकून ते २०११ पर्यंत त्या खुर्चीत होते. तिथून उठले ते लंडनला कॅनडाचे हाय कमिशनर म्हणून गेले.

माणूस चुकतो, सुधारतो आणि कामाला लागतो, त्यामुळे कॅम्पबेल यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता हाच प्रसंग उलटा करून बघा. हवाईचा एखादा रहिवासी त्याच रस्त्यावर, तेवढीच दारू पिऊन, आज पकडला गेला, तेवढाच दंड भरून सुटला आणि पुढच्या वर्षी कॅम्पबेल यांच्याच व्हँकूव्हरला फिरायला उतरला, तर विमानतळावरचा अधिकारी त्याला परत पाठवू शकतो. पुढच्या वर्षीच कशाला, पंधरा वर्षांनी आणि वीस वर्षांनीही. कारण कॅनडाच्या लेखी तो 'गंभीर गुन्हेगारी'च्या कलमात बसतो.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना कॅनडाने खुशाल आत घ्यावं, असं मला म्हणायचं नाही. कोणाला दारात उभं करायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. माझा आक्षेप कॅनडाने हातात घेतलेल्या मापावर आहे. प्रत्यक्षात काय घडलं, काय शिक्षा झाली आणि त्याला किती वर्षं लोटली, यातलं काहीच ते माप धड मोजत नाही. कायद्याच्या पुस्तकात त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त किती शिक्षा छापली आहे, तेवढंच मोजतं.

कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्यातलं ३६ वं कलम थोडक्यात असं आहे. परदेशात तुम्हाला एखाद्या गुन्ह्यात दोषी ठरवलं असेल, तर तेच कृत्य कॅनडात घडलं असतं तर कॅनडाच्या कायद्याने कमाल किती शिक्षा होऊ शकली असती, हे बघायचं. ती दहा वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर गुन्हा 'गंभीर'. तुमच्या देशात तुम्हाला अडीचशे डॉलर दंड झाला की एक दिवसाची कैद, याने काही फरक पडत नाही. एखादा गुन्हा सौम्य आणि कडक अशा दोन्ही पद्धतींनी चालवता येत असेल, तर तो कडक पद्धतीनेच चालवला गेला असं धरायचं, हेही कलमातच लिहून ठेवलंय.

२०१८ पर्यंत दारू पिऊन गाडी चालवण्याच्या साध्या गुन्ह्याला, म्हणजे कोणाला इजा झालेली नसताना, कॅनडात कमाल शिक्षा पाच वर्षं होती. त्यामुळे तो 'गुन्हेगारी'त यायचा, 'गंभीर गुन्हेगारी'त नाही. एकच गुन्हा असेल आणि शिक्षा पुरी होऊन दहा वर्षं उलटली असतील, तर माणूस आपोआप सुधारलेला मानला जायचा. अर्ज करायला नको की फी भरायला नको. मग गांजा कायदेशीर करण्याच्या जोडीला रस्ते-सुरक्षेचा नवा कायदा आला. १८ डिसेंबर २०१८ पासून पोलिसांना रस्त्यात थांबवलेल्या कोणत्याही चालकाची, संशय असो वा नसो, श्वासचाचणी घेण्याचा अधिकार मिळाला आणि साध्या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाचावरून दहा वर्षं झाली. त्या दिवसापासून पुढे केलेल्या गुन्ह्यांना ती आपोआप मिळणारी माफी बंद झाली.

पण कॅनडातली न्यायालयं पहिल्या गुन्ह्याला खरोखर दहा वर्षं देतात का? नाही. पहिल्या गुन्ह्याची किमान शिक्षा हजार डॉलर दंडापासून सुरू होते, आणि कोणाला लागलेलं नसेल तर बहुतेकदा दंड आणि गाडी चालवायला बंदी एवढ्यावर भागतं. दहा वर्षं कागदावर आहेत. सराईत, पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या माणसासाठी कायद्याने हातात राखून ठेवलेली काठी आहे ती. इमिग्रेशनवाले मात्र पहिल्यांदा सापडलेल्यालाही त्याच काठीने मोजतात.

याचा परिणाम किती विचित्र होतो ते बघा. कॅनडात साध्या मारहाणीची कमाल शिक्षा पाच वर्षं आहे. म्हणजे बारमध्ये भांडण काढून एखाद्याच्या तोंडावर ठोसा मारणाऱ्या परदेशी माणसाला दहा वर्षांनी आपोआप माफी मिळू शकते. त्याच बारमधून दोन ग्लास जास्त घेऊन, कोणाला धक्काही न लावता गाडी चालवत निघालेला मात्र अर्ज मंजूर झाल्याशिवाय जन्मभर मोकळा होणार नाही. दारू पिऊन गाडी चालवणं ठोशापेक्षा जास्त धोक्याचं आहे असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेईन, कदाचित मान्यही करीन. पण मग आजन्म आणि दहा वर्षं यांतलं अंतर कोणीतरी विचार करून ठरवलेलं असायला हवं. इथे ते रस्त्यासाठी केलेल्या दुरुस्तीच्या पोटातून बाहेर पडलंय.

आपल्या लोकांना हे कुठे नडतं? समजा, अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनमध्ये राहणारा एक मराठी माणूस आहे, आता अमेरिकेचा नागरिक. २०१९ मध्ये ऑफिसच्या पार्टीतून घरी येताना सापडला. न्यू जर्सीचा कायदा मोठा मजेशीर आहे. तिथे दारू पिऊन गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा धरतच नाहीत, वाहतुकीच्या नियमांचा भंग धरतात; ज्युरीसुद्धा मिळत नाही. वकिलाने सांगितलं, ट्रॅफिक तिकीट आहे, दंड भरा, क्लासचे तास पुरे करा, विसरून जा. तो विसरला. मग सांगलीहून आई-बाबा आले. नायगारा दाखवायचा तर कॅनडाच्या बाजूनेच दाखवायला हवा, घोड्याच्या नालेसारखा धबधबा तिकडूनच समोर दिसतो, म्हणून आई-बाबांचे कॅनडाचे व्हिसा खटपट करून काढले. मुलाला व्हिसा लागत नाही, अमेरिकन पासपोर्ट आहे.

रेनबो ब्रिजवर गाड्यांची रांग. खिडकीत अधिकाऱ्याने पासपोर्ट मशीनवर फिरवला आणि दोन सेकंद जास्त स्क्रीनकडे बघितलं. अमेरिकेच्या एफबीआयचा गुन्हे-नोंदींचा साठा कॅनडाच्या सीमा-अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे बघता येतो. "गाडी बाजूला घ्या, आत या." आत काउंटरवर प्रश्न सुरू होतात: कधी, कुठे, किती निघालं होतं, शिक्षा पुरी झाली का, कोर्टाचे कागद आहेत का. कागद कोण बरोबर घेऊन फिरतं? न्यू जर्सी त्याला गुन्हा म्हणत नाही, हे तो सांगून बघतो. अधिकारी मान हलवतो. तिथे काय म्हणतात याच्याशी त्याला कर्तव्य नाही, हे कृत्य कॅनडात काय ठरलं असतं हा त्याचा प्रश्न. तासाभराने हातात कॅनडातून परत जायची परवानगी दिल्याचा कागद येतो आणि गाडी वळवून पुन्हा अमेरिकेच्या बाजूला. आई-बाबांना तोवर या प्रकरणातलं काही माहीत नव्हतं. बाकीचा दिवस कसा गेला असेल ते सांगायला नको.

कायद्यात यातून वाट आहे. एक म्हणजे तात्पुरता परवाना. दोनशेच्या वर डॉलर फी, आणि द्यायचा की नाही ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. दुसरी म्हणजे 'पुनर्वसना'चा अर्ज. शिक्षा, त्यात लायसन्सवरची बंदीही आली, पुरी होऊन पाच वर्षं झाली की करता येतो. गंभीर वर्गात फी हजार डॉलरच्या पुढे, सोबत कोर्टाचे आणि पोलिसांचे कागद, ओळखीच्यांची पत्रं, आपण कसे बदललो याची कहाणी, आणि वर्षभर किंवा जास्त वाट. या कहाण्या लिहून देणाऱ्या वकिलांचा आणि सल्लागारांचा सीमेच्या दोन्ही बाजूंना चांगला धंदा चालतो. पैसेवाल्याला अडथळा फारसा जाणवत नाही. ट्रक चालवणाऱ्याची नोकरी जाते.

आता दुसऱ्या बाजूचं बोलू, कारण ती बाजू पोकळ नाही.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये टोरांटोच्या उत्तरेला, वॉनमध्ये, एका मद्यपी चालकाने 'स्टॉप'ची पाटी ओलांडून एका कुटुंबाच्या गाडीला धडक दिली. तीन भावंडं आणि त्यांचे आजोबा गेले. चालक अतिश्रीमंत घरातला, लग्नाआधीची पार्टी करून मायामीहून खाजगी विमानाने त्याच दिवशी परतलेला. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या देशाने हे पाहिलंय तो दारू आणि स्टिअरिंग या जोडीला हसण्यावारी नेणार नाही, आणि नेऊही नये. सीमेवरच्या कडकपणामागे हा राग आहे, हे मला समजतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या दोघांपैकी एकाने कोणाला उडवलं आणि दुसरा सुखरूप घरी पोचला, यात दोघांची करणी सारखीच असते, फरक बऱ्याचदा नशिबाचा असतो, हा मुद्दाही मला खोडता येत नाही.

पण त्याच घटनेकडे सीमेच्या बाजूने बघा. तो चालक कॅनडाचा नागरिक होता. त्याच दिवशी विमानतळावरून रीतसर आत आलेला. इमिग्रेशनचं कोणतंही कलम त्याला अडवू शकत नव्हतं, कारण नागरिकाला देशात येण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिलाय. आणि कोणाचा जीव गेला तर कमाल शिक्षा जन्मठेप, ही तरतूद २०१८ च्या आधीही होती. म्हणजे त्या घटनेतून निघालेल्या रागाचा नवा भार पडला तो ज्यांच्या हातून कोणालाच लागलेलं नाही त्यांच्यावर, आणि त्यातही सगळ्यात जड पडला तो नागरिक नसलेल्यांवर.

स्वतःच्या लोकांना कॅनडा कसं वागवतो तेही बघण्यासारखं आहे. कॅम्पबेल यांच्याच सरकारने २०१० च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश कोलंबियात नवी पद्धत आणली. रस्त्यातल्या चाचणीत नापास झालेल्या चालकाचं लायसन्स तिथल्या तिथे ९० दिवसांसाठी बंद, गाडी महिनाभर जप्त, वर दंड आणि खर्च. कोर्ट नाही, खटला नाही. ही पद्धत परिणामकारक आहे असं तिचे समर्थक सांगतात, आणि मला ती पटते. शिक्षा त्याच रात्री होते, दोन वर्षांनी नाही. अल्बर्टाने २०२० च्या डिसेंबरपासून तशीच वाट धरली. पण तिचा एक परिणाम असा की या प्रांतांत पहिल्यांदा सापडलेल्या पुष्कळ चालकांच्या नावावर फौजदारी नोंद होतच नाही. व्हँकूव्हरचा माणूस गाडी महिनाभर गमावतो आणि मोकळा होतो. सिअॅटलचा माणूस, तीन तासांच्या अंतरावरचा, तेवढीच पिऊन आपल्या शहरात सापडला तर कॅनडाच्या सीमेवर गंभीर गुन्हेगार. पहिल्या चुकीला झटपट शिक्षा करून सोडून द्यावं असं ज्या प्रांतांना आपल्या माणसांबाबत वाटतं, त्यांच्याच सीमेवर पाहुण्याला वेगळा न्याय का?

बाकीचे देशही दार किलकिलंच ठेवतात, पण ते बघतात प्रत्यक्ष शिक्षेकडे. ब्रिटन बारा महिने किंवा जास्त कैद झालेल्याला नाकारतो, ऑस्ट्रेलियाची रेघही बारा महिन्यांवर आहे, जपानची एका वर्षावर. नुसता दंड भरून सुटलेला माणूस या रेघांच्या अलीकडे राहतो. त्याची चौकशी होईल, कदाचित अर्ज रेंगाळेल, पण नुसत्या दंडाने तो आजन्म बाद होत नाही. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षांना १९७६ मध्ये मेन राज्यात याच गुन्ह्यात दंड झाला होता, तो २००० च्या निवडणुकीच्या तोंडावर बाहेर आला. धाकटे बुश. त्यांचे उपाध्यक्ष डिक चेनी तर साठच्या दशकात वायोमिंगमध्ये दोनदा सापडलेले. दोघांनीही नंतर कॅनडाचे दौरे केले. जुनी प्रकरणं होती, हुद्दे मोठे होते, ते ठीकच. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका रात्रीवरून आजचा माणूस ओळखता येत नाही, हे त्यांच्या बाबतीत सगळ्यांना चटकन पटलं होतं.

अमेरिका या बाबतीत सज्जन आहे असं मात्र कोणी समजू नये. तिथे साध्या एका गुन्ह्यावरून प्रवेशबंदी नाही, पण व्हिसावर असलेल्यांसाठी वेगळा फास आहे. २०१५ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं धोरण असं की गेल्या पाच वर्षांत या कारणावरून नुसती अटक झाली असली तरी व्हिसा रद्द करता येतो. दोषी ठरायलाच हवं असं नाही. अमेरिकेत आहात तोवर नोकरी चालू राहते. बहिणीच्या लग्नाला पुण्याला आलात की परत जाण्यासाठी नवा व्हिसा हवा, आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतून नेमलेल्या डॉक्टरकडे: दारूचं व्यसन आहे का, वागण्याला धोका आहे का, याची तपासणी. एच-वन-बी वाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर चालणाऱ्या गप्पा वाचल्या की कळतं की रद्द झालेल्या व्हिसाची ईमेल अनेकांनी आधी फिशिंग समजून बाजूला टाकलेली असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या इमिग्रेशनच्या नोंदी झपाट्याने रद्द झाल्या, त्यांतही किरकोळ आणि कोर्टाने केव्हाच निकाली काढलेली प्रकरणं होती. अटकेवरून शिक्षा करणं मला कॅनडाच्या पद्धतीहून वाईट वाटतं. पण एक गोष्ट अमेरिकेच्या नियमात आहे जी कॅनडाच्या नाही. तो नियम निदान आजचा प्रश्न विचारतो: पाच वर्षांत काय झालं, आता हा माणूस आजारी आहे का, धोका आहे का. विचारण्याची रीत उद्धट आहे, प्रश्न मात्र योग्य आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत २००७ पासून मद्यपी चालकांविरुद्ध नाकाबंदी जोरात सुरू झाली. ३१ डिसेंबरच्या रात्री ब्रेथ अॅनलायझरच्या नळीत फुंकणाऱ्यांच्या रांगा आपण टीव्हीवर बघतो. मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंड दोन हजार होता. हे कलम सिग्नल तोडण्यासारखं नाक्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. आणि कोर्टात काय होतं? सकाळी लायसन्स जप्तीचा कागद घेऊन पंचवीस-तीस जण बाकांवर बसलेले. वकील किंवा कोर्टाच्या आवारातला कोणीतरी जाणता सांगतो, कबूल करून टाका, दंड भरा, बारापर्यंत ऑफिसात पोचाल. नाव पुकारलं, "गुन्हा कबूल आहे का?", "हो साहेब", दंड, बाहेर. दोन मिनिटं लागतात.

त्या दोन मिनिटांत तो माणूस कायद्याने दोषी ठरलेला असतो. हे त्याच्या गावीही नसतं. त्याच्या मनात ती 'फाइन भरली' एवढीच गोष्ट. चार वर्षांनी कॅनडाच्या वर्क परमिटचा अर्ज भरताना प्रश्न समोर येतो: कोणत्याही देशात कधी गुन्हा केला, अटक झाली, आरोप ठेवला गेला, दोषी ठरलात? बहुतेक जण 'नाही'वर टिचकी मारतात. काही खोटं बोलायचं म्हणून, आणि बरेचसे त्यांना खरंच तसं वाटतं म्हणून.

गंमत अशी की खरं सांगितलं तर आपल्याकडच्या अनेकांची सुटका होऊ शकते. कॅनडाची फौजदारी मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, आपली ३०. पुण्यात ४५ मिलिग्रॅमवर दोषी ठरलेल्या माणसाने जे केलं, ते केवळ आकड्यावरून बघितलं तर कॅनडात फौजदारी गुन्हा ठरत नाही. तिथे गुन्हा ठरायला गाडी चालवण्याची क्षमता दारूने बिघडलेली होती हे वेगळं दाखवावं लागेल. अमेरिकेतल्या यूटा राज्याने २०१८ च्या अखेरीस मर्यादा ०.०५ टक्क्यांवर आणली, तिथल्या लोकांनाही हा युक्तिवाद लागू पडतो. म्हणजे कोर्टाच्या निकालाची आणि ब्रेथ अॅनलायझरच्या आकड्याची प्रमाणित प्रत हातात असलेला माणूस बोलू शकतो. 'नाही'वर टिचकी मारणाऱ्याचं मात्र खोटं उघडं पडलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, अमेरिका कायमचं करू शकते. मूळ गुन्हा पन्नास मिलिग्रॅमचा, शिक्षा खोट्या उत्तराची.

पण इथेही त्या मापाचा दोष दिसतो. अमेरिकन माणसाची नोंद पासपोर्ट फिरवताच दिसते. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातली तशी दिसत नाही. म्हणजे भारतातून येणाऱ्यांत पकडला जातो तो मुख्यतः खरं सांगणारा. आणि ज्यांच्यामागे पैसा आणि ओळखी आहेत त्यांचं प्रकरण दोषी ठरण्यापर्यंत पोचेलच असं नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअर चिरडले; अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. मग रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. ज्या व्यवस्थेत रक्ताच्या बाटलीचीच खात्री नाही, तिथल्या निकालाच्या एका ओळीवर दुसऱ्या देशाने आजन्म बंदीचा इमला उभारावा, हे मला धाडसाचं वाटतं. त्या ओळीमागची हकिकत तपासायला हवी, आणि हकिकत तपासायची तर कमाल शिक्षेचा आकडा काही कामाचा नाही.

सगळ्यात जास्त पोळणार आहेत ते कॅनडात राहणारे आपले लोक. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालेल्या, पण नागरिक न झालेल्या माणसाला कॅनडातच या गुन्ह्यात दोषी ठरवलं, शिक्षा फक्त हजार डॉलर दंड झाली, तरी २०१८ पासून तो 'गंभीर गुन्हेगारी'च्या कलमात येतो आणि त्याला देशाबाहेर काढण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. अपील करता येतं, अधिकारी सौम्य असू शकतो, हे खरं. पण टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये घर घेतलेला, मुलं शाळेत असलेला माणूस आणि त्याच गल्लीतला नागरिक शेजारी एकाच रात्री एकाच नाक्यावर सापडले, तर एकाची शिक्षा दंडावर संपते आणि दुसऱ्याची तिथे सुरू होते. न्यायाधीशाने दोघांना सारखाच दंड सांगितलेला असतो.

दुरुस्ती अवघड नाही. ३६ व्या कलमात कमाल शिक्षेऐवजी प्रत्यक्ष झालेली शिक्षा धरायची. कैदेसाठी सहा महिन्यांची मोजपट्टी त्याच कलमात शेजारी आहेच. तेवढंही नको असेल तर ज्यात कोणाला इजा झाली नाही असा एकमेव गुन्हा असणाऱ्यांसाठी २०१८ आधीची दहा वर्षांनंतरची आपोआप माफी परत आणायची. पुन्हा पुन्हा सापडणारे, कोणाला जखमी करणारे, चाचणीला नकार देऊन पळणारे यांना यातून काही मिळू नये. त्यांच्यासाठी दार बंदच राहावं.

याआधी एकदा कॅनडाने हे दार थोडं सैल केलं होतं. २०१२ च्या मार्चपासून, कैद न झालेल्या आणि एकच गुन्हा असलेल्या प्रवाशांना तात्पुरत्या परवान्याची फी एकदा माफ करायची सोय आली. ती पर्यटन वाढवण्याच्या धोरणाचा भाग होती. उत्तर ऑन्टारियोत मासेमारीला येणारे अमेरिकन सीमेवरून परतले तर तिथल्या लॉजवाल्यांचं नुकसान होतं, आणि लॉजवाल्यांना मत असतं. ब्रॅम्प्टनच्या पीआरवाल्याला मत नाही, एडिसनच्या पाहुण्याला तर नाहीच. त्यामुळे हा प्रश्न ओटावाच्या संसदेत कोणी उचलायचा तर तो ब्रॅम्प्टनसारख्या शहरांतल्या, आता नागरिक झालेल्या आपल्या लोकांनी. आणि दारूचा विषय निघाला की आपली मंडळी सहसा मान खाली घालतात.